नीसला ओहोटी किती वाजता?

दादा: पोचलो फ्रान्समधल्या नीसला. फोटो टाकलेत, पाण्याचा रंग बघा. वाळू मात्र नावालाही नाही, नुसते गोटे. दहा पावलांत तळव्यांची वाट लागली.

काका: चपला घालून उतरा की.

वहिनी: काका, इथे लोक पाण्यात घालायचे रबरी बूट घेऊन आलेत. आम्हीच शहाणे अनवाणी 😭

आत्या: ओहोटी किती वाजता आहे? पोराला भरतीच्या पाण्यात सोडू नका.

दादा: अगं आत्या, इथे भरती-ओहोटी जवळपास नाहीच. फार तर वीतभर.

आत्या: समुद्रच आहे ना तो?

दादा: आहे गं, भूमध्य समुद्र, पण सगळीकडून जमिनीने वेढलेला. अटलांटिकला जोडलाय तो जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडाने, जेमतेम 14 किलोमीटर. सहा तासांत तेवढ्यातून पाणी आत येणार किती?

आत्या: मग होडी कोरडी करून बुडाला रंग कधी लावतात? आम्ही हर्णैला भरतीला वर घेतो, ओहोटी लागली की कामाला लागतो.

दादा: क्रेनने उचलतात.

आत्या: म्हणजे त्याचेही पैसे.

आत्या: आणि भरती नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

वहिनी: नाही आत्या. इथे चार पावलांवर एकदम खोल होतं, पिंटू काठावरच आहे. निशाण हिरवं आहे आज.

वहिनी: आई गं! तोफ उडाली!!

काका: काय झालं??

दादा: काही नाही, इथले बारा वाजले. रोज दुपारी किल्ल्याच्या टेकडीवरून आवाज काढतात. 1860च्या दशकात एका स्कॉटिश साहेबाने सुरू केलं म्हणे, बायको गप्पांत रमून जेवायला उशीर करायची म्हणून.

काका: मलाही हवी एक तोफ.

काकू: वाचतेय मी.

काका: टेकडीवरून किल्ल्याचा फोटो टाक रे.

दादा: किल्ला नाहीये. चौदाव्या लुईने 1706मध्ये पाडला, नाव तेवढं राहिलं.

वहिनी: जेवणाचं ऐका. कूर सालेयाच्या बाजारात सोका खाल्ला. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या मोठ्या थाळ्यात लाकडाच्या भट्टीत भाजतात, वरून मिरपूड.

काकू: बेसनाचा पोळाच की! हळद-तिखटाविना.

काका: एवढं विमानाचं तिकीट काढून पोळा 😂

दादा: पुढचं सांग ना, मंगळवार कसा मोडला.

वहिनी: कांद्याची जाड भाकरी दिसली म्हणून घेतली. पिसालादिएर. घास घेतला तर खाली खारवलेला मासा! अँचोवी म्हणे.

दादा: आपल्या मांदेलीचा भाऊबंद.

आत्या: मांदेली असेल तर देव रागावत नाही. इथे पावसाळी बंदी, सुकटीवर दिवस काढतोय आम्ही.

काकू: सूर्यास्ताचा फोटो विसरू नका.

दादा: रात्रीचे नऊ वाजून गेले, आत्ता कुठे मावळला. पण समुद्रात नाही गं काकू. किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, जुलैत सूर्य जमिनीकडे, डोंगराआड जातो. तिकडे साडेबारा झाले, झोपला असाल सगळे.

आत्या: जागी आहे. लाईट गेलेत, पाऊस कोसळतोय. वाळू नाही, भरती नाही, सूर्य पाण्यात बुडत नाही. पाणी खारट तरी आहे का?

दादा: आपल्याहून जास्त! ऊन भरपूर, नद्यांचं पाणी कमी.

आत्या: मग पोराला गोड्या पाण्याने आंघोळ घातलीत ना? रात्रभर खाजवत बसेल.

वहिनी: घालते आत्या 🏃‍♀️