लोकसंख्येची रचना आणि मापं मुळापासून समजून घ्यायची आहेत, सुरुवात कुठून करू?

आडवाट:
मानवी भूगोल शिकतो आहे. स्थूल जन्मदर, एकूण प्रजनन दर, आयुर्मान, अवलंबित्व गुणोत्तर या सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत. पण दोन देशांचे आकडे शेजारी ठेवले की गाडी अडते. जपानचा स्थूल मृत्युदर (वर्षभरात दर हजार लोकांमागे होणारे मृत्यू) ११ च्या वर आणि कतारचा २ च्याही खाली, तरीही आयुर्मान जपानचंच जास्त. हे कसं काय? कोणत्या क्रमाने शिकावं आणि सराव कशावर करावा, कृपया सुचवा.

पाणवठा:
कुठलाही दर समोर आला की आधी एकच गोष्ट बघा, छेदात कोण आहे? मला हे फार उशिरा कळलं आणि त्यानंतर हा विषय आवडू लागला.

तुमचंच उदाहरण घेऊ. स्थूल मृत्युदराच्या छेदात सगळी लोकसंख्या असते, तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजींपर्यंत. कतारमध्ये कामासाठी आलेले तरुण पुरुष प्रचंड संख्येने आहेत आणि त्या वयात मृत्यू कमीच होतात. जपानमध्ये दर चार माणसांत एकाहून जास्त जण ६५ च्या पुढचे. म्हणजे हा दर आरोग्याइतकाच वयरचनेबद्दलही बोलत असतो.

कागदावर करून बघा. समजा, 'क' देशात हजारांत ९०० तरुण आणि १०० वृद्ध आहेत. मृत्युदर तरुणांत हजारी २, वृद्धांत हजारी ५०. एकूण मृत्यू १.८ अधिक ५, म्हणजे ६.८. 'ख' देशात ७०० तरुण, ३०० वृद्ध, आणि दर अनुक्रमे १ व ४०. एकूण ०.७ अधिक १२, म्हणजे १२.७. दोन्ही वयोगटांत 'ख' ची स्थिती चांगली आहे, तरी त्याचा स्थूल दर जवळजवळ दुप्पट! आता 'ख' चे दर 'क' च्या वयरचनेला लावा, ४.९ येतात. यालाच प्रमाणित मृत्युदर म्हणतात. ही आकडेमोड एकदा स्वतःच्या हाताने केलीत की पुन्हा विसरणार नाही.

म्हणून माझा क्रम असा, आधी वय-लिंग मनोरा (एका बाजूला पुरुष, दुसरीकडे स्त्रिया, लहान वयोगट तळाशी आणि मोठे वर, प्रत्येक गटाला एक आडवी पट्टी), मग दर. मनोरा कळल्याशिवाय दरांना हात लावू नका.

उंबरठा:
पाणवठा यांच्याशी सहमत. प्रजननाबद्दल थोडी भर घालते. एकूण प्रजनन दर म्हणजे एखाद्या वर्षाचे वयोगटवार दर जसेच्या तसे एका काल्पनिक स्त्रीला १५ ते ४९ या वयात लागू केले, तर तिला सरासरी किती मुलं होतील तो आकडा. खऱ्या स्त्रियांच्या एखाद्या पिढीला प्रत्यक्ष किती मुलं झाली ते हा दर सांगत नाही. बायकांनी मूल होणं नुसतं पुढे ढकललं तरी तो काही वर्षं खाली जातो.

आणि प्रतिस्थापन पातळी, म्हणजे एका पिढीची जागा पुढची पिढी पुरेपूर घेईल इतका प्रजनन दर, २ नसून २.१ का, हे स्वतःला विचारून बघा. १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, शिवाय काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. जिथे बालमृत्यू जास्त, तिथे ही पातळी २.१ च्याही वर असते.

सांजवात:
लिंग गुणोत्तर बघताना एकक तपासा. भारताची जनगणना दर १००० पुरुषांमागे स्त्रिया मोजते (२०११ मध्ये ९४३), तर राष्ट्रसंघाच्या तक्त्यांत दर १०० स्त्रियांमागे पुरुष असतात. ९४३ म्हणजे तिकडचे १०६. चढता आकडा एकीकडे स्त्रिया वाढल्याचं सांगतो, दुसरीकडे पुरुष.

आडवाट:
सर्वांचे मनापासून आभार. 'क' आणि 'ख' चं गणित करून पाहिलं, लख्ख कळलं. आयुर्मानाचंही असंच काही आहे का? जुन्या काळी आयुर्मान चाळिशीत होतं, म्हणजे लोक चाळिशीत म्हातारे होत?

पाणवठा:
नाही. १०० बाळांपैकी ३० पहिल्या वाढदिवसाआधीच गेली आणि उरलेली ७० साठीपर्यंत जगली, तर सरासरी साधारण ४२ येते. चाळिशीत मात्र कुणीच गेलेलं नाही. त्यामुळे जन्मवेळच्या आयुर्मानासोबत अर्भक मृत्युदर कायम बघा.

सरावासाठी राष्ट्रसंघाचे 'वर्ल्ड पॉप्युलेशन प्रॉस्पेक्ट्स' चे तक्ते घ्या. १९५० पासूनची प्रत्येक देशाची वयोगटवार आकडेवारी मोफत मिळते. संगणकावर तयार मनोरे बघण्याआधी दोन-तीन आलेख-कागदावर हाताने काढा. रोमानियाचा जरूर काढा. १९६६ मध्ये तिथे गर्भपातावर कडक बंदी आली आणि जन्म वर्षभरात सुमारे २ लाख ७४ हजारांवरून ५ लाख २८ हजारांवर गेले. पाच-पाच वर्षांच्या गटांच्या मनोऱ्यात ती लांब पट्टी दर पाच वर्षांनी एक पायरी वर चढताना दिसते. एक सरकारी आदेश आणि त्या एका वर्षात जन्मलेल्या मुलांना शाळेपासून नोकरीपर्यंत सगळीकडे गर्दीच भेटली असणार. मला तो मनोरा बघताना नेहमी वाईट वाटतं.

उंबरठा:
अवलंबित्व गुणोत्तर म्हणजे कामाच्या वयातल्या दर शंभर जणांमागे मुलं आणि वृद्ध मिळून किती. ते कधी एकत्र वाचू नका, मुलांचं आणि वृद्धांचं वेगवेगळं बघा. नायजरचं अवलंबित्व जवळजवळ सगळं मुलांचं, जपानचं बहुतेक वृद्धांचं. पहिल्याला शाळा हव्यात, दुसऱ्याला शुश्रूषा.

आडवाट:
फ्रान्सचा १९५० चा मनोरा काढला. ३० ते ३४ वयोगटाची पट्टी एकदम आखूड आहे. पहिल्या महायुद्धात मारले गेलेले सैनिक ना?

पाणवठा:
पट्टी फक्त पुरुषांच्या बाजूला आखूड आहे की दोन्हीकडे?

आडवाट:
दोन्हीकडे. अच्छा! १९५० मध्ये तिशीत असलेले म्हणजे १९१५ ते १९२० ला जन्मलेले. हे मेलेले नाहीत, जन्मलेच नाहीत. वडील आघाडीवर होते. आणि सैनिकांची जागा वर आहे, पन्नाशीच्या पुढे, तिथे पुरुषांची बाजू बायकांपेक्षा बरीच आखूड दिसते आहे.

पाणवठा:
अगदी बरोबर. आता १० ते १४ चा गट बघा. तिथेही थोडी खाच आहे. त्या न जन्मलेल्यांची ही न जन्मलेली मुलं.