सिडनी साइमची चित्रं: निव्वळ गंमत की गूढविद्या?

रेघोटी:
लंडनच्या जुन्या मासिक-साप्ताहिकांतली इंग्रज चित्रकार सिडनी साइमची चित्रं हल्ली 'गूढ संदेश दडलेली' म्हणून फिरवली जातात. मला हे अजिबात पटत नाही. 'पिक-मी-अप' हे विनोदी साप्ताहिक. १८९०च्या दशकात त्यात साइमने स्वर्ग-नरकाची जी चित्रं काढली, ती परलोकाची खुशाल उडवलेली टर आहे. तिच्यात तंत्रमंत्र शोधणं हा त्याच्या विनोदावर अन्याय आहे.

निशाचर:
टर कोणासमोर उडवली जात होती, तेही बघा की. १८८२ मध्ये लंडनला भुताखेतांच्या अनुभवांचा अभ्यास करणारी संस्था निघाली. १८८८ मध्ये 'गोल्डन डॉन', म्हणजे चक्क दीक्षा देऊन विधी शिकवणारं गुप्त मंडळ. घरोघरी आत्मे बोलावण्याच्या बैठका बसायच्या. असल्या वाचकाला नरकाचं चित्र नुसतं हसवून सोडत नसणार.

रेघोटी:
वाचकाचं राहू दे, चित्रकाराचं बोला. साइम लहानपणी कोळशाच्या खाणीत राबला. तिथल्या भिंतींवर तो सैतान नि पिशाच्चं कोरायचा म्हणतात. त्या काळोखातल्या पोराला दीक्षा कशाला हवी?

अबोली:
तुमच्या वादात अद्भुतकथा लिहिणारे लॉर्ड डन्सेनी राहूनच गेले. एरवी गोष्ट आधी आणि चित्र मागाहून. इथे डन्सेनींनीच साइमला सांगितलं, तुम्हाला वाटेल ते काढा, त्यावर गोष्ट मी लिहितो. 'द स्केच' या साप्ताहिकात ही जोडी छापून आली, १९१२ मध्ये पुस्तक झालं. त्यातलं एक चित्र मला फार आवडतं: गडद रानात उंच, किडकिडीत घर. डन्सेनींनी त्यावरून चोरीची गोष्ट रचली. घरातले 'नोल', म्हणजे डन्सेनींचे कल्पित जीव, झाडांच्या बुंध्यांना भोकं पाडून चोरांवर नजर ठेवतात आणि चोराचा बिचारा शागिर्द त्यांच्या तावडीत सापडतो. गोष्ट वाचल्यापासून मी त्या चित्रातला एकेक बुंधा निरखत बसते.

रेघोटी:
बघा, म्हणजे भीती डन्सेनींनी घातली!

निशाचर:
त्यांना तरी ती सुचली कशावरून? समोर नुसतं घर होतं. साध्या घराच्या चित्रावरून कोणी माणसं गिळणारं रान रचत नाही. साइमने तो काळोख मनापासून काढलाय, मंडळात नाव असो वा नसो.

रेघोटी:
मनापासून काढलाय, शंभर टक्के मान्य. पण काळोख रंगवता येणं हे हाताचं कसब आहे, त्याचं श्रेय कुठल्या विद्येला द्यायला मी तयार नाही.