मदत हवी आहे: दोन दिवसांत नऊ कोंबड्या गेल्या, काय देऊ?

गावरान_खुराडं: काल चार, आज पाच. लासोटा लस दिलेली आहे, म्हणजे मानमोडी (राणीखेत रोग) नाही. डॉक्टर फोन उचलत नाहीत. औषधाचं नाव सांगा, लवकर.

माळरान: गाव कुठलं? एकूण किती होत्या? मान वाकडी होते का? तुऱ्याचा रंग बघा.

शेतमळा७: पाण्यातून हळद-लसूण द्या. मी बारा वर्षं देतोय, थंडीत एक कोंबडी जात नाही.

माळरान: दोन दिवसांत नऊ मेल्यात भाऊ, हळदीने काय होणार? आधी निदान तर होऊ द्या.

शेतमळा७: आणि निदानात बर्ड फ्लू निघाला की अख्ख्या गावाच्या कोंबड्या मारायच्या? एक किलोमीटरच्या आतलं काही ठेवत नाहीत.

सानिकाची_आई: मुलाला रोज अंडं देते. बंद करू का?

माळरान: ताई, नीट शिजवलेलं चालतं, ७० अंशांच्या वर विषाणू मरतो. अर्धकच्चं नको.

गावरान_खुराडं: निलंगा तालुका. बत्तीस होत्या. मान सरळच आहे. तुरा जांभळा पडलाय, डोळ्यांभोवती सूज. रात्री दाणे टिपले आणि सकाळी आडव्या. तळ्याकडच्या चिंचेखाली चार-पाच कावळे पण मरून पडलेत, ते थंडीने असतील. आता तरी औषध सांगा.

माळरान: दादा, कावळ्यांचं आधी सांगायचं ना! तुमच्याच जिल्ह्यात, उदगीरला, जानेवारी २०२५ मध्ये कावळे असेच पडले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लू निघाला. यावर कोंबडीला द्यायचं औषध नाही. मानमोडीची लस इथे कामाची नाही. १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा. कोंबड्या कोंडा, विकू नका, कुणाला देऊ नका. विष्ठा चपलेला लागून शेजारच्या खुराड्यात जाते.

तापीकाठ: मी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात हा रोग पहिल्यांदा आमच्याकडेच सापडला, २०२१ ला परत आला. शेतमळा, तुमची भीती खरी आहे, आम्ही ती भोगलीय. पण भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. लपवून ठेवलं की दोन्हीकडून जातं.

शेतमळा७: भरपाईत चाऱ्याचे पैसे तरी निघतात का?

तापीकाठ: नाही निघत. तरीही कळवा.

गावरान_खुराडं: एक मेलेली कोंबडी मांजरीने ओढून नेली होती. तिला काय होतं?

माळरान: होऊ शकतं. नागपूरजवळच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्याच एच५एन१ विषाणूने गेले. मांजरही त्याच कुळातलं. वेगळी ठेवा, उघड्या हाताने धरू नका.

गावरान_खुराडं: १९६२ लागला. उद्या सकाळी येतो म्हणाले, मेलेल्या पुरू नका, नमुना घ्यायचाय. पाच टोपलीखाली झाकल्यात. मांजर कोठीत कोंडली. धाकटा दुपारी काठीने कावळा उलटा करत होता, त्याचे हात साबणाने दोनदा धुतले.

माळरान: त्याला दहा दिवस ताप-खोकला येतो का बघा. आला तर दवाखान्यात पहिल्यांदा कावळ्याचंच सांगा.