निबंधाच्या वह्यांवर शेरा लिहिण्याऐवजी व्हॉइस नोट पाठवली तर?

नववीची_मराठी
नमस्कार मंडळी, नववीच्या दोन तुकड्या आहेत माझ्याकडे, मिळून १०४ पोरं. निबंध तपासायला बसलं की पहिल्या वह्यांवर चार ओळी लिहिते, शेवटी शेवटी हात भरून येतो आणि मग नुसतं 'शुद्धलेखन सुधारा'. पोरं तेही वाचत नाहीत, मार्क बघून वही दप्तरात. म्हणून व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला आवाजात सांगायचं डोक्यात आहे. कुणी केलंय का? वेळ वाचतो का? आणि बोलून मराठी टाइप होतं म्हणतात, ते कितपत बरोबर येतं?

खडू_फळा
मी दोन वर्षं करतोय. वेळ फारसा वाचत नाही मॅडम, पण तेवढ्याच वेळात सांगून खूप होतं. समासात पेन्सिलने १, २, ३ आकडे टाकायचे आणि बोलताना 'दोन नंबर बघ' म्हणायचं, नाहीतर पोराला कळतच नाही कुठल्या ओळीबद्दल चाललंय. दीड मिनिटाच्या वर जायचं नाही, सुधारायला एकच गोष्ट सांगायची आणि तेवढा परिच्छेद परत लिहून आणायला लावायचा. एका मुलीने लिहिलं होतं, 'आजी गेली आणि ओसरी मोठी झाली.' मी ते वाक्य तिला माझ्या आवाजात वाचून दाखवलं, मग म्हटलं आता पुढची सहा वाक्यं काढून बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होती, सहाच्या सहा खोडलेली! लाल पेनाने हे झालं नसतं.

गावची_शाळा
एक सांगू का, आमच्याकडे फोन वडिलांचा असतो, ते रात्री आठला घरी येतात आणि नोट अख्ख्या घरासमोर वाजते. त्यामुळे वर्गात रागावतो तसं त्यात रागवायचं नाही, लेकराला नंतर बोलणी बसतात. ग्रुपवर तर कुणाचीच टाकू नका. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांना मी मधल्या सुट्टीत वही समोर ठेवून माझ्याच फोनवरून ऐकवते. आणि आता पाठवायच्या आधी स्वतःला ऐकता येतं, तेवढं कराच, दमलेला आवाज लगेच कळतो.

टाइपवाला
बोलून टाइप करायचं तर जीबोर्डवर (गूगलचा फोनमधला कीबोर्ड) २०१७ पासून मराठी आहे. गूगल डॉक्समध्ये क्रोम उघडून टूल्समधून व्हॉइस टायपिंग घ्या, भाषा मराठी निवडा, कंट्रोल शिफ्ट एस दाबलं की माइक सुरू. पण विरामचिन्हं हाताने टाकावी लागतात, मुलांची नावं चुकतात, आणि 'दिन' की 'दीन' हे ऐकून त्याला कसं कळणार? शुद्धलेखनाचा शेराच अशुद्ध गेला तर पोरं बरोबर पकडतात, म्हणून प्रिंट काढायच्या आधी एकदा वाचाच.

नववीची_मराठी
खूप आभार सगळ्यांचे. समासातले आकडे पटले एकदम. आज 'ब' तुकडीच्या दहा वह्या घेऊन बसते, आणि कुणाच्या घरी फोन किती वाजता येतो ते उद्या वर्गात आधी विचारून घेते.