मदत हवी आहे: तापलेल्या पेटीतल्या चिमणीच्या पिल्लांना सावली कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. पश्चिमेच्या भिंतीवर लाकडी पेटी लावली होती, त्यात चिमणीचं जोडपं राहायला आलं. आता आत चार पिल्लं आहेत, आठेक दिवसांची असावीत. पेटी लावताना दुपारच्या उन्हाचा विचार केला नाही, ही चूक माझीच. शिवाय पेटीची फळी पातळ आहे.

या आठवड्यात उष्णतेची लाट आहे. दुपारी पिल्लं चोच उघडी टाकून धापा टाकतात. पक्ष्यांना घामग्रंथी नसतात, मुख्यतः धापा टाकून ते अंग थंड करतात आणि त्यात शरीरातलं पाणी जातं, एवढं माहीत आहे. पंख न फुटलेली पिल्लं तर सावलीतही जाऊ शकत नाहीत. अशा लाटा आता वरचेवर येतात, त्यामुळे हे यंदापुरतं नाही.

पेटी हलवली तर आईबाप पिल्लं टाकतील अशी भीती वाटते, म्हणून ती जागेवरच ठेवून छपरावर बोटभर पोकळी सोडून दुसरी पांढरी फळी बसवायचा विचार आहे. हे काम पहाटे करावं की रात्री? ठोकाठोकीने पिल्लं वेळेआधीच बाहेर उडी मारतील का? ओलं फडकं टाकायचा सल्ला एकाने दिला, पण दमटपणाने आत बुरशी धरेल असं वाटतं.

खाली दोन बोटं खोल पाण्याचं पसरट भांडं ठेवलंय. चिमण्यांआधी साळुंक्यांनीच ते बळकावलं, ते असो!

कुणी भर विणीत पेटीवर असं काम केलंय का?