गूगलला दंड झालाच आहे, मग डिजिटल स्पर्धा विधेयक कशासाठी?

प्रश्न:
भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि पाचच दिवसांनी प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल आणखी ९३६.४४ कोटींचा. याचा अर्थ, स्पर्धा कायदा, २००२ या कंपन्यांपर्यंत पोहोचतो. तरीही मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा, म्हणजे मोठ्या डिजिटल कंपन्यांवर गैरवापर सिद्ध होण्याआधीच बंधने घालणाऱ्या कायद्याचा, स्वतंत्र मसुदा का मांडला गेला? आहे तोच कायदा नेटाने राबवला तर भागणार नाही का?

प्रतिसाद १:
कायदा पोहोचतो, पण फार उशिरा पोहोचतो. कलम ४ नुसार वर्चस्व असणे निषिद्ध नाही, त्याचा गैरवापर निषिद्ध आहे. त्यामुळे प्रत्येक प्रकरणात आधी संबंधित बाजार ठरवायचा, मग वर्चस्व दाखवायचे, मग आयोगाच्या तपास शाखेचे प्रमुख असलेल्या महासंचालकांच्या तपासातून गैरवापर सिद्ध करायचा आणि त्यानंतर अपिले लढायची, असा क्रम टळत नाही. अँड्रॉइडची चौकशी एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली आणि आदेश साडेतीन वर्षांनी आला. त्या काळात फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवे असेल, तर सर्च, क्रोम, यूट्यूब यांसह गूगलचा अख्खा संच आधीच बसवून द्यावा लागे, आणि प्ले स्टोअर नसलेला फोन इथे विकणार कोण? वापरकर्ते जिथे, तिथेच अ‍ॅप बनवणारे विकासक जातात आणि विकासक जिथे, तिथेच नवे वापरकर्ते. हे चक्र एकदा पक्के झाले की नंतरचा दंड ते उलटे फिरवू शकत नाही. शिवाय मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. प्रतिस्पर्धी अ‍ॅप स्टोअरना प्ले स्टोअरवरून वितरित होऊ देण्याचा निर्देश त्यांतलाच. माझ्या मते दंडाच्या रकमेपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

प्रतिसाद २:
उशिराचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावर हा उपाय मला पटत नाही. मसुद्यानुसार भारतातील उलाढाल ४,००० कोटी रुपये आणि वापरकर्ते एक कोटी असले, तरी कंपनी ‘प्रणालीदृष्ट्या महत्त्वाची’ ठरू शकते, म्हणजे तिला ही बंधने लागू होऊ शकतात. आपल्या देशात एक कोटी वापरकर्ते म्हणजे फार नव्हेत. जागतिक कंपन्यांशी झुंजणाऱ्या देशी कंपन्याही या जाळ्यात येतील. दुसरे असे, की २०२३ च्या दुरुस्तीने तडजोडीची तरतूद आणली आहे आणि दंडासाठी जागतिक उलाढाल धरण्याची मुभाही दिली आहे. अँड्रॉइड टीव्हीचे प्रकरण एप्रिल २०२५ मध्ये २०.२४ कोटी रुपयांत याच मार्गाने मिटले. ही साधने पुरती वापरून पाहण्याआधी नवा कायदा आणण्याची घाई कशाला?

प्रतिसाद ३:
अँड्रॉइड टीव्हीचे उदाहरण उलट दिशेने जाते, हे नम्रपणे सांगतो. त्या प्रकरणात चौकशीचा आदेश २०२१ मध्ये झाला होता, आणि तडजोडीचा अर्ज करण्याची वेळच मुळी महासंचालकांच्या अहवालानंतर येते. म्हणजे लवकर मिटलेल्या प्रकरणालाही जवळपास चार वर्षे लागली. युरोपीय संघाने २०१८ मध्ये अँड्रॉइडबद्दल ४.३४ अब्ज युरोंचा दंड करूनही पुढे अशीच आगाऊ बंधने घालणारा डिजिटल मार्केट्स कायदा केला, तो याच अनुभवातून. उलाढाल व वापरकर्त्यांच्या उंबरठ्याबाबतची आपली शंका मात्र रास्त आहे. वापरकर्त्यांची संख्या वाढवावी आणि बंधने अँड्रॉइड व प्ले स्टोअर प्रकरणांत सिद्ध झालेल्या वर्तनापुरतीच ठेवावीत: एका सेवेसोबत दुसरी लादणे, स्वतःच्या सेवेला झुकते माप देणे आणि विकासकांना पैसे घेण्याच्या एकाच व्यवस्थेत अडकवणे.