मदत हवी आहे: शेतातला हॉट टब, बोअरचं पाणी आणि घरची सगळी मंडळी

राम राम मंडळी. आमच्या मेहुण्यांनी यावलजवळ केळीच्या बागेला लागून घर बांधलंय आणि मागच्या ओट्यावर हॉट टब (गरम पाण्याचा, जेटमधून झोत आणि बुडबुडे सोडणारा मोठा टब) बसवलाय. जानेवारीत भरीत पार्टी आहे. वांगी बामणोदची, कळण्याच्या भाकरी, आणि रात्री थंडीत टबात बसायचं असा बेत. आईला शुगर आणि बीपी दोन्ही, वहिनीला तिसरा महिना, भाची चार वर्षांची.

मेहुणे म्हणतात, पाणी एवढं गरम, त्यात जंतू कसले जगतात! आई म्हणते, अडावदच्या उनपदेवला आयुष्यभर अंघोळी केल्या, काही झालं नाही. पण मागे एका भाड्याच्या फार्महाऊसवर पोरं टबात खेळली आणि नंतर चड्डीखालच्या भागावर लाल पुटकुळ्या उठल्या, त्यामुळे मन धजत नाही. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर टाकली तर भागेल का? कोणाला किती वेळ बसू द्यावं?

तापीकाठ:
मेहुण्यांना सांगा, टबातलं पाणी ४० अंशांच्या वर नेऊच नये, आणि विरजण लावायला दूध साधारण तेवढंच कोमट लागतं. जंतूंचीही तीच आवड. लिजिओनेला २५ ते ४५ अंशांत झपाट्याने वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून श्वासावाटे छातीत जाऊन न्यूमोनिया करतो. म्हणजे पाण्यात न उतरता शेजारी खुर्ची टाकून बसलेल्यालाही धोका. पोरांच्या पुटकुळ्या बहुतेक स्यूडोमोनास नावाच्या जंतूच्या. ओले कपडे अंगावर राहिले की तिथे जास्त उठतात.

उनपदेवचं पाणी गोमुखातून येतं आणि वाहून जातं. टबात तेच पाणी फिरत राहतं.

टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नको. तिचा चुना तळाशी बसतो, तुमचं बोअरचं पाणी आधीच जड, जेटच्या तोंडाला पांढरा थर धरेल. हॉट टबसाठीचं क्लोरीन घ्या, पण सायन्युरिक अ‍ॅसिडवालं (उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून घालतात ते) नको. नळाच्या पाण्यात ०.२ पीपीएम क्लोरीन पुरतं, टबाला किमान ३ लागतं, पीएच ७ ते ७.८. क्लोरीन तपासायची पट्टी बुडवून बघायचं, वासावर जायचं नाही. गरम पाण्यात आणि माणसं बसली की क्लोरीन भराभर उडतं, म्हणून प्रत्येक बैठकीआधी मोजा. भिंत हाताला बुळबुळीत लागली तर सगळं पाणी सोडून द्या, घासा, नव्याने भरा.

आणि आपल्याकडची लाईट! ती गेली की पंप बंद, फिल्टर बंद. परत आल्यावर मोजल्याशिवाय कोणी उतरू नये. टबाच्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आहे ना, तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

कळण्याची_भाकर:
मी धुळ्यात प्रॅक्टिस करते. वहिनींना टब नकोच, पहिल्या तीन महिन्यांत अंग जास्त तापलं तर बाळाला धोका असतो. पाचाखालच्या मुलांनाही नको, भाचीला वेगळ्या घमेल्यात खेळू द्या. बाकीच्यांनी दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावं. मोठे केस वर बांधून बसा, सक्शनच्या जाळीत ओढले जातात. जाळी फुटलेली असेल तर टब बंद. पार्टीत 'बसणारे' असतीलच, त्यांनी आधी टब, मग ग्लास. दारू आणि गरम पाणी एकत्र आलं की बीपी पडतं, माणूस गुंगून बुडतो. उतरण्याआधी साबणाने अंघोळ सगळ्यांनी करायची, पाहुण्यांनीही.

धागाकर्ता:
खूप आभार ताई, भाऊ. आई ऐकणार नाही, म्हणते निदान पाय तरी सोडून बसते.

कळण्याची_भाकर:
पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, ते आधी विचारा. असेल तर पायही नकोत. शुगरवाल्यांना चटका कळतच नाही, फोड आल्यावर लक्षात येतं. नसेल तरी बीपीची गोळी चालू आहे, तर त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि पाणी ३७-३८ वरच ठेवा. उठताना हात धरायला कोणीतरी हवं, गरम पाण्यातून एकदम उभं राहिलं की चक्कर येते.